जनरलच्या खांद्यावरचा गोफ

हॉटेलच्या दारात उभा राहणारा माणूस घरी आल्यावरही दारातच उभा राहतो, हे त्याच्या बायकोला, गोफवालीला, लग्नानंतर आठ दिवसांत कळलं होतं. आत येऊन स्वतःच्या हाताने पाणी घ्यावं, ओला टॉवेल वाळत टाकावा, निदान आपल्यामागचं दार तरी लोटावं, तर नाव नको. दिवसभर दुसऱ्यांसाठी दारं उघडायची म्हणून की काय, घरचं दार लावणं त्याला कमीपणाचं वाटे. उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून, छाती पुढे काढून तो उभा राही आणि कुणीतरी आपली टोपी काढून घेईल म्हणून वाट बघे. पस्तीस वर्षं ती टोपी तिनेच काढून घेतली.

हॉटेलात त्याला सगळे जनरल म्हणत. चेष्टेनेच म्हणत, पण ते कळायला थोडी अक्कल लागते. लाल कोट, पितळी बटणांच्या दोन रांगा, पांढरे हातमोजे, आणि उजव्या खांद्यावरून काखेखाली फिरून छातीवरच्या तिसऱ्या बटणाला अडकवलेला सोनेरी गोफ. एवढ्या सरंजामात हा माणूस करी काय, तर गाडी आली की गाडीचं दार उघडी आणि माणूस आला की हॉटेलचं. लढाई म्हणाल तर एकदा एका पाहुणीच्या कुत्र्याशी झाली होती, तीही कुत्र्याने जिंकली. पण घरी येऊन जेवायला बसला की ऐकावं, आज कोण आलं, कुणी आपल्याकडे बघून मान हलवली, कुणी आपल्यासोबत फोटो काढला. बायको समोर बसून ऐके आणि मनात म्हणे, त्या पायरीशेजारच्या कुंडीसोबतही लोक फोटो काढतात, ती बिचारी कुठे बोलते.

गोफवाली लग्नाआधी गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात कामाला होती. पुढे शिंपी बसत आणि मागच्या अरुंद खोलीत गोफाचं काम चाले. आठ पदरांचा गोल गोफ हे तिचं खास काम. आठ रिळांवर आठ रेशमी पदर गुंडाळायचे, एक टोक भिंतीतल्या खिळ्याला अडकवायचं, मग कडेचा पदर मागून पलीकडे न्यायचा, दोनांखालून काढून दोनांवरून परत आपल्या बाजूला आणायचा, एकदा उजवीकडचा, एकदा डावीकडचा. सांगायला काय, सोपंच आहे. ताण जरा ढिला पडला की गोफाला पोट सुटतं आणि जास्त झाला की तो काठीसारखा ताठ होतो, खांद्यावर बसतच नाही. दुकानातल्या शिंप्यांनी दोन-चारदा करून बघितला आणि पुन्हा त्या खोलीत कुणी नाक खुपसलं नाही.

हा नवा दारवान माप द्यायला आला त्या दिवशी नेमका भिंतीतला खिळा निखळला होता. तिने वर न बघताच म्हटलं, "जरा बोट धरा इथे." याने तर्जनी पुढे केली, तिने तीत गोफाचा फास अडकवला आणि ती कामाला लागली. दोन तास हा बोट पुढे करून उभा. हलला नाही, बोलला नाही, पाय बदलला नाही. तिला वाटलं, काय धीराचा माणूस आहे. तो धीर नव्हता, त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं. पण हे कळेपर्यंत लग्न होऊन गेलं होतं.

तेव्हापासून त्याच्या खांद्यावर तिच्या हातचा गोफ. चार-पाच वर्षांनी एक झिजे आणि नवा लागे. पुढे दुकान बंद पडलं, तरी हॉटेल रेशीम पाठवी आणि ती घरच्या खिडकीशी बसून गोफ करून देई. खिळ्याच्या जागी त्याचं बोट असे. त्या वेळी तो गप्प बसे, हॉटेलचं नाव काढत नसे, आणि तिला तो आवडे. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही, त्याला तर नाहीच नाही.

आता एका शब्दाचं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यानेच घातला. हॉटेलच्या पहिल्या मालकाने इंग्रजीत नियमांचं एक पुस्तक लिहून ठेवलं होतं. त्यात एक कलम असं, की ज्यांना ब्रेड दिलेला आहे त्या नोकरांना मागच्या इमारतीत खोली, ती मरेपर्यंत, आणि नवऱ्यामागे बायकोलाही. हा ब्रेड खायचा नव्हे. आचाऱ्यांनी त्या विनोदाचा पार चोथा करून ठेवला आहे, आपण पुन्हा चघळायला नको. ब्रेड म्हणजे पदर एकमेकांत गुंफून केलेला गोफ. साहेबांच्या गणवेशात तो मानाचा, म्हणून पुढे पुढे तो अंगावर वागवणाऱ्या माणसांनाही त्याच शब्दाने ओळखायला लागले. हॉटेलात ब्रेडवाले तीन होते, दारवान, लिफ्टवाला आणि मोठा वेटर. बाकीचे सगळे बिनब्रेडचे, आणि हे तिघे त्यांच्याकडे असे बघत की जणू ते उघडेच फिरताहेत. वर्षं गेली, गोफ करणारी माणसं कमी झाली. लिफ्टवाल्याच्या बाहीला गोफाऐवजी शिवलेली फीत आली. वेटरच्या कॉलरवर तर नुसती सोनेरी पट्टी छापून आली. तरी म्हणायचं ब्रेडच. शब्द जागेवर राहिला आणि खालचा माल कधी बदलला ते कुणी बघितलं नाही.

खरा गोफ उरला होता एका जनरलच्या खांद्यावर. आणि त्याला काय अवदसा आठवावी? समोरच्या हॉटेलात नवा दारवान आला, त्याच्या खांद्यावर म्हणे नुसता लखलखाट. झालं, याची भूक मेली. रेशमाचा रंग मंद असतो, वापरलेल्या पितळी भांड्यासारखा, पण तो टिकतो. याला टिकण्याशी काय देणंघेणं? एक दिवस पडद्यांच्या दुकानातून दोरी घेऊन आला. पडदे बाजूला बांधून ठेवायला असते ना, जाड, चकचकीत, यंत्रावर पीळ दिलेली, तीच. खाली गोंडाही होता. तेवढा कापून टाकण्याची बुद्धी देवाने दिली.

"हे काय?" तिने विचारलं.

"तुझा गोफ म्हातारा दिसतो," तो आरशात बघत म्हणाला. "फोटोत उठून दिसत नाही."

तो गोफ तिने वर्षभरापूर्वीच केला होता, सात संध्याकाळी बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिला ते फार लागलं. तिने गोफ उचलला आणि स्वयंपाकाच्या कपाटाला दोन वेढे घालून बांधून टाकला. त्या कपाटाची कडी तुटली होती आणि "उद्या बसवतो" असं हा गेली दोन वर्षं म्हणत होता. पडद्याची दोरी खांद्यावर आणि गोफ कपाटाला, अशी नऊ वर्षं गेली.

एवढी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, हीच खरी गंमत. पीळ आणि गोफ यांतला फरक आंधळ्यालाही बोटांनी कळतो. पिळाची दोरी उलटी फिरवली की ती मधूनच तोंड उघडते. गोफ कुठल्याही बाजूने फिरवा, तो दाद देत नाही. पण हॉटेलात सगळे डोळस होते, त्यांना चकाकी दिसली, पुरे झालं. जनरलला तर या दोरीचा इतका अभिमान चढला की तो तिला ब्रश मारायला लागला.

मग हॉटेल एका कंपनीने घेतलं. कंपनीला मागची इमारत मोकळी हवी होती. तिने आपली एक मॅडम पाठवली, तरुण, चष्मेवाली, कामाला चोख. त्या मॅडमने जुनं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं, जे मालकाच्या मुलांनीही कधी वाचलं नव्हतं, आणि भिंतीवर एक कागद लावला. ब्रेड म्हणजे तीन किंवा अधिक पदर एकमेकांच्या वरून-खालून नेऊन गुंफलेला गोफ. नुसता पीळ दिलेली दोरी, शिवलेली फीत, छापील पट्टी, यांना ब्रेड म्हणू नये. ज्यांना तो दिलेला असेल त्यांनी आणून दाखवावा, त्यांची खोली राहील.

कागद वाचून जनरल खूश. इंग्रजी त्याला तीन वाक्यांपलीकडे येत नव्हतं, पण खाली आपल्या भाषेतही लिहिलं होतं, तेही त्याने धड वाचलं नाही. "आपली खोली पक्की," तो घरी येऊन म्हणाला. सोमवारी लिफ्टवाला गेला. फितीचा ब्रेड होत नाही म्हणून त्याने हातगाडीवर गाद्या, शेगडी आणि शिलाई मशीन चढवलं, आणि त्याची बायको मागून आरसा धरून चालली. बुधवारी मोठ्या वेटरने किल्ली ठेवली. जनरल दोघांना निरोप द्यायला पायरीवर उभा होता, त्याने सलामही ठोकला म्हणे.

गुरुवारी मॅडमने त्याला बोलावलं आणि दोरी हातात घेतली. हा काय बोलला असेल? "बायकोच्या हातची आहे." नऊ वर्षांपूर्वी जिच्या गोफाला म्हातारा म्हणून हिणवलं, तिच्या नावावर पडद्याची दोरी खपवून हा मोकळा. मॅडम म्हणाली, ठीक आहे, उद्या अकरा वाजता त्यांना घेऊन या, करणाऱ्याची सही लागेल. संध्याकाळी यादी वर जाणार.

हे त्याने जेवताना सांगितलं, भाजी वाढून घेता घेता, जणू दूधवाल्याचा निरोप सांगतोय.

तिने डाव खाली ठेवला. "त्या दोरीखाली मी सही करू?"

"सहीच करायची आहे. वाचायला कोण सांगतंय?"

"मी अशी दोरी केली, असं लिहून देऊ?"

"अगं, त्या पोरीला काय कळतंय त्यातलं? कागदावरची भाषा बोलते ती. तू सही कर, आपण इथेच राहू. नाही केलीस तर मग चल जावयाच्या दारात. त्यांच्या दोन खोल्या, सहा माणसं, त्यात आपण सातवे-आठवे. मी तिथे काय करू?"

"इथे काय करता?" ती म्हणाली.

त्याने आणखी भाजी वाढून घेतली. पण त्याचं खोटं नव्हतं, तेच तिला सलत होतं. या खोलीत तिची मुलगी वाढली. खिडकीतला उजेड दुपारी चारपर्यंत पुरतो, हे तिला पाठ होतं. जावई वाईट नव्हता, पण त्याच्या आईच्या नजरेला नजर देत रोज सकाळी चहा मागायचा म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. तिने आयुष्यात कमावलं काय, तर ही खोली आणि हातातलं कसब. नवऱ्याने दोन्ही एकमेकांसमोर आणून ठेवली होती, आणि वर हात धुवायला पाणी मागत होता.

सकाळी तिने कपाटाचा गोफ सोडला. रोज ती वेढा सरकवूनच दार उघडे, गाठी मात्र नऊ वर्षांच्या, नखं दुखली. कपाटाचं दार भसकन उघडलं आणि वरचा चहाचा डबा खाली आला. जनरल दचकून बघायला आला.

"हा बोळा कशाला?"

"माझा आहे म्हणून."

"तेलकट वास येतोय त्याला. तिथे बाहेर काढू नकोस, सांगून ठेवतो. माझी काय अब्रू राहील?"

तिने तो पिशवीत टाकला आणि चपला घातल्या. वाटेत तो दोनदा म्हणाला, फक्त सही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर अजून सुंभही जळायचा होता.

मॅडमची खोली काचेची होती. बाहेरून जाणारा प्रत्येक वेटर आणि सामान उचलणारा प्रत्येक हमाल आत बघत होता. टेबलावर पडद्याची दोरी झगमगत पडली होती, शेजारी कागद, कागदावर पेन. मॅडम उठून उभी राहिली, तिने खुर्ची पुढे केली.

"या काकू. ही तुम्ही केलीत ना?"

गोफवालीने दोरी उचलली. दोन्ही हातांत धरून सवयीने उलटी फिरवली. दोरीने मधोमध तोंड उघडलं, आतला पांढरा दोरा दिसला. मॅडमनेही तो बघितला. पोरगी दिसायला कागदी होती, पण कच्ची नव्हती. तिने पेन तेवढं दोन बोटांनी गोफवालीकडे सरकवलं. म्हणजे सही केली असती तर तिने ती घेतली असती. गोफवालीला ते स्पष्ट कळलं, आणि त्यामुळे पेन आणखीच जड झालं. जनरल मागून हळूच खाकरला.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

तिने पिशवीत हात घातला आणि गोफ टेबलावर ठेवला, तेलकट, काळपट, एका टोकाला पदर सुटलेला. "माझा हा."

मॅडमने तो उचलला, नाकाजवळ गेल्यावर जरा लांब धरला, मग या बाजूने फिरवला, त्या बाजूने फिरवला. गोफ जागचा हलला नाही. तिने जनरलकडे बघितलं. "काल तुम्ही म्हणालात ती दोरी यांनी केली."

आता या माणसाला उत्तर द्यायचं होतं. पस्तीस वर्षांत त्याला कुणी प्रश्नच विचारला नव्हता. 'टॅक्सी मिळेल का' याला काही प्रश्न म्हणत नाहीत. तो बायकोकडे बघायला लागला. ती काचेबाहेर बघत होती. त्याच्या जिवावर आलं होतं आणि तिला त्याची काडीची दया येत नव्हती.

"पडद्याची आहे," तो शेवटी म्हणाला. "मीच आणली. हिचा मी काढून टाकला होता."

"का?"

"चमकत नव्हता."

काचेबाहेर दोन हमाल थांबले होते. मॅडम बराच वेळ जुन्या पुस्तकात बघत राहिली. मग म्हणाली, "कलमात 'दिलेला' असं आहे. तुम्ही काय घालून मिरवलंत त्याच्याशी मला काम नाही. पण हा तुम्हालाच दिलेला, यांनीच केलेला, हे मी कशावरून मानू? आज खरं बोललात, काल नाही. काकू, याचं टोक सुटलंय. वीतभर उकलून माझ्यासमोर पुन्हा गुंफून दाखवता?"

गोफवालीने होय म्हटलं आणि मग तिच्या लक्षात आलं, सगळीकडे काच. कुठे खिळा नाही, कडी नाही, खिडकीला मूठसुद्धा नाही. टेबलाच्या कडाही गुळगुळीत. तिने खोलीभर नजर फिरवली आणि ती नजर शेवटी जिथे यायची तिथे आली.

तिने तोंडाने सांगितलं नाही. त्यानेच उजवा हातमोजा काढला, खिशात ठेवला आणि बोट पुढे केलं.

तिने चांगलं टोक त्याच्या बोटाला घट्ट अडकवलं, जरा जास्तच घट्ट, आणि दुसऱ्या टोकाचे आठ पदर मोकळे केले. बोटांना आधी आठवेना. तिसऱ्या फेरीला एक पदर चुकला, तिने तो उलगडून पुन्हा घेतला. मागून, दोनांखालून, दोनांवरून. मग हात आपोआप चालायला लागले. काचेबाहेर आता पाच-सहा जण जमले होते, त्यांत एक आचारी पीठ लागलेल्या हातांनी उभा. जनरल, ज्याच्या खांद्यावर आज काहीच नव्हतं, सगळ्यांसमोर खिळा होऊन उभा होता. कान लाल झाले होते, पण बोट हललं नाही. नुसतं उभं राहण्यात याच्या तोडीचा माणूस नाही, एवढं तिलाही मानावं लागलं.

अर्ध्या तासाने मॅडमने नवी वीत जुन्या विणीशेजारी ठेवून बघितली. आतला न मळलेला रंग वर आला होता, तो सोडला तर फरक नव्हता. तिने यादीत त्या खोलीपुढे खूण केली, कागद फिरवला आणि गोफवालीने सही केली. "उद्यापासून दारावर हाच घालायचा," मॅडम जनरलला म्हणाली. "वासासकट."

घरी आल्यावर तो उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून उभा राहिला. तिने टोपी काढून घेतली नाही. ती सरळ आत गेली आणि सांडलेला चहा गोळा करायला बसली. कपाटाचं दार तसंच लोंबत होतं. बऱ्याच वेळाने त्याने स्वतःची टोपी स्वतः काढली, खिळ्याला अडकवली, आपल्यामागचं दार लोटलं आणि पडद्याची दोरी घेऊन कपाटाशी आला. दोन वेढे घालून त्याने गाठ मारली. चकचकीत दोरी सरकली, दार उघडलं. त्याने पुन्हा बांधली, पुन्हा सरकली. तिसऱ्या वेळी तो दार नुसतंच हाताने दाबून उभा राहिला.

"सोडा," ती चहा पाखडत म्हणाली. "डब्यात थोडं रेशीम उरलंय. उद्या सकाळी उजेड आला की कपाटापुरता एक करीन."

त्याने कपाट सोडलं. दार उघडून त्याच्या खांद्यावर आपटलं. तो तिथेच उभा राहिला आणि त्याने बोट पुढे केलं.

"उद्या म्हटलं मी," ती म्हणाली.

त्याने बोट खाली घेतलं नाही. त्यावर गोफाचा लाल वळ अजून तसाच होता. तिने सूप बाजूला ठेवलं आणि ती रेशमाचा डबा कुठे ठेवलाय ते आठवायला लागली.